पिवळ्या तळहातांचा देव

ज्या साली तुळजाचं लग्न तोंडाला फडकी बांधून, ओसरीत मावतील तेवढ्याच माणसांत उरकलं, त्याच्या पुढच्या साली तिच्या बापाच्या नरड्यात गाठ निघाली. लग्नाला तीन वर्षं पुरी होतात न होतात, तोच बाप देव झाला.

वैशाखातला रविवार होता. मुडबीच्या अलीकडच्या फाट्यावर जीप आणि ऑटोंची रांग लागली होती. बाभळीखाली नारळवाले बसले होते. आत वस्तीच्या टोकाला, बिरोबाच्या देवळासमोर पत्र्याचा मांडव घातला होता. पत्रा असा तापला होता की वर भाकर टाकली असती तर भाजून निघाली असती. खाली माणसं घामानं निथळत होती आणि पदरानं, टोपीनं, हाताला लागेल त्यानं वारा घेत होती. मधोमध कट्ट्यावर, काळ्या घोंगडीवर, दुसरी घोंगडी अंगावर लपेटून रामलिंग बसला होता. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

शेजारी माईक धरून हावगेप्पा उभा होता. हा रामलिंगाचा चुलतभाऊ. चिटगुप्प्याच्या आणि औरादच्या बाजारात त्यानं वर्षानुवर्षं दंतमंजन विकलं होतं. आवाज तोच होता, हातवारे तेच होते, फक्त माल बदलला होता.

"बघा, नीट बघा. बघायला काही लागत न्हाई. तुमी घामाघूम, देव कोरडा. तुमी दोन घास कमी खाल्ले की वाळता. देव अर्धी भाकर खातोय आन् अंग भरायलंय. कुठून भरायलंय? वरून भरायलंय. हात लावून बघा. गार हाय का न्हाई? कुणी म्हणंल, रांजणबी गार असतोय. आरे, रांजणालाबी घाम सुटतोय. देवाला सुटत न्हाई."

लोकांनी माना डोलवल्या. रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "आन् भुवया कुठं गेल्या देवाच्या? टोकं झडल्यावानी दिसायल्यात."

"देव उतरायचा म्हणल्यावर अंगण मोकळं करावं लागतंय, मावशी. कपाळाला जागा नको?"

मग हावगेप्पानं रामलिंगाचे दोन्ही हात उचलून तळवे गर्दीकडं फिरवले. तळवे पिवळे होते. वरवर माखलेले वाटत नव्हते, आतूनच पिवळे दिसत होते.

"भंडारा," हावगेप्पा हळू आवाजात म्हणाला. दंतमंजन विकतानाही शेवटचं वाक्य तो असंच हळू म्हणायचा. "आतून फुटायलाय."

मांडवभर हात जोडले गेले.

कट्ट्यामागं रामलिंगाची बायको तानुबाई भंडाऱ्याचं ताट घेऊन बसली होती. बायका देवाच्या पाया पडायच्या आणि जाताजाता तिच्याही. सुरुवातीला ती पाय आखडून घ्यायची. आता घेत नव्हती.

देव होण्याआधी रामलिंग हा गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस होता. गालात तंबाखू आणि जिभेवर शिवी. बायकोला हाक मारायची तर शिवीनंच मारायची, आणि शिवी पुरली नाही तर हात होताच. मग गाठ निघाली. सोलापूरला नेऊन गळ्याला शेक दिला. विजेचा शेक. गळ्याची कातडी करपली, पण गाठ विरघळली. निघताना तिथल्या डॉक्टरांनी तानुबाईला समोर बसवून सांगितलं होतं, "गाठ गेली म्हणून काम संपलं असं समजू नका. दर सहा महिन्यांनी आणायचं आणि रक्त तपासायचं. दुखत नसलं तरी आणायचं."

तानुबाईला ते कळलं होतं. पण दुखत नसताना सोलापूरला कोण जातं? पहिले सहा महिने असेच गेले. पुढं तो गप्प होत गेला, आणि गप्प झालेल्या रामलिंगाला दवाखान्यात न्यावं असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही. तो बसल्या जागी झोपायचा. उन्हाळ्यात घोंगडी मागायचा. चेहरा सुजून गोल झाला, आवाज जाड आणि घोगरा झाला. विचारलेल्याचं उत्तर द्यायला त्याला इतका वेळ लागायचा की विचारणारा प्रश्न विसरून जायचा.

अशात एकदा म्हातारा सिद्धप्पा दारावरून जाताना म्हणाला, "रामलिंगा, माझी शेळी दिसली का? सकाळधरनं न्हाई." सिद्धप्पाच्याही जिभेला पूर्वी शेक बसला होता, त्यामुळं दोघांची ये-जा होती. रामलिंगानं वर बघितलं आणि पुष्कळ वेळानं म्हणाला, "यील." संध्याकाळी शेळी आली. सिद्धप्पानं ही गोष्ट हसत हसत हावगेप्पाला सांगितली. हावगेप्पा मात्र हसला नाही. आठवड्याभरात मांडव उभा राहिला.

या लोकांची एक जुनी रीत होती. बिरोबाच्या घोंगडीवर बसलेल्या माणसाचं रक्त सांडू द्यायचं नाही. त्याची दाढीसुद्धा करायची नाही, वस्तरा लागेल म्हणून. नवसाचं बकरंही घोंगडी नजरेआड होईल इतक्या लांब नेऊन कापायचं. रामलिंग एकदा घोंगडीवर बसला आणि रक्त तपासायचा विषयच मिटला.

तानुबाईला नवरा खरंच देव वाटत होता का? हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. घरात शांतता होती. तिला देवापेक्षा शांततेचंच अप्रूप जास्त होतं.

त्या वैशाखात तुळजा उदगीरहून माहेरी आली. ती रांगेत न थांबता थेट कट्ट्यावर चढली.

"अप्पा, मी आलेय. तुळजा."

रामलिंगानं तिच्याकडं बघितलं. पापण्या जड होत्या.

"कवा… आलीस?" जीभ तोंडात मावत नसल्यागत तो बोलला.

तुळजानं त्याच्या नडगीवर बोट दाबलं. अंग जाड झालं होतं आणि कातडी वाळल्या भोपळ्यासारखी लागत होती. ती मागं जाऊन आईजवळ बसली.

"काय झालंय गं ह्यांला?"

"देव झालाय."

"देव झालाय. आन् चार-चार दिवस परसाकडं जात न्हाई म्हणालीस फोनवर. देवाला बद्धकोष्ठ होतंय व्हय?"

"हळू बोल. माईक चालू हाय."

"मग चांगलंच हाय, ऐकू दे समद्यांला."

पुढच्या रविवारी रांगेत नारळ घेऊन एक बाई उभी राहिली. ती चिटगुप्प्याच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर पल्लवी होती. तुळजानं तिला गाठून सगळं सांगितलं होतं. पुढं आल्यावर तिनं नारळ खाली ठेवला आणि म्हणाली, "देवाचे पाय कट्ट्याखाली सोडा. मला नीट नमस्कार करायचाय."

यात नाही म्हणण्यासारखं हावगेप्पाला काही सापडलं नाही. त्यानं पाय खाली सोडले. पल्लवीनं पिशवीतून रबराची लहान हातोडी काढली.

"आधी पुजाऱ्याचा पाय. बसा अण्णा, इथंच बसा."

हावगेप्पाला माईक धरून बसावं लागलं. तिनं त्याचा पाय हातात तोलून टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाय उडाला आणि झटकन जागेवर आला. पोरं हसली.

मग तिनं रामलिंगाच्या टाचेमागं हातोडी मारली. पाय उडाला. आणि परत यायला निघाला तो गंजलेल्या बिजागरीच्या दारासारखा, सावकाश. माणसं वाकवाकून बघत होती. हसणं थांबलं.

"देवाला कसली घाई?" हावगेप्पा माईकमध्ये म्हणाला. लोकांना ते पटलं.

"पटलं ना? आता हात बघा," पल्लवी म्हणाली. तिनं ओल्या कापसानं रामलिंगाचा तळवा पुसला आणि कापूस वर धरला. तो हळदीनं माखला होता. तळवा मात्र अजून पिवळाच होता, आधीपेक्षा थोडा फिका.

"पुसलं गेलं ते हावगेप्पाचं," ती म्हणाली. "उरलं ते आजाराचं. गळ्याच्या घाटीखाली थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. ती अंगातली चूल समजा. गाठ जाळायला गळ्याला शेक दिला, त्यात ही शेजारची चूलपण पोळली. एकदम विझत नाही. महिन्यांनी, वर्षांनी, हळूहळू विझते. चूल विझलेल्या घरात काय होणार? गारठा. म्हणून घाम नाही. खाल्लेलं जळत नाही, म्हणून अंग चढतं. आतडी सुस्त, डोकं सुस्त, पाय सुस्त. गाजर-भोपळ्यातला पिवळा रंग अंग रोज मोडून काढतं, तो मोडत नाही आणि तळव्यात साठतो. भुवया झडतात. आवाज घोगरा होतो. इथं चमत्कार एकच आहे. हा माणूस अजून जिवंत आहे."

"आन् सिद्धप्पाची शेळी?" मागून कुणीतरी विचारलं.

"शेळी रोज संध्याकाळी घरी येते की. तिला घर माहीत असतं."

सगळ्यात मोठ्यानं सिद्धप्पाच हसला.

पल्लवीनं सुई काढली तसा हावगेप्पा आडवा आला. "घोंगडीवर रक्त सांडायचं न्हाई. आमची रीत हाय."

"रीत मोडत नाही मी. घोंगडीवर नको ना? अप्पा, हात जरा बाहेर काढा." तिनं रामलिंगाचा हात घोंगडीच्या काठाबाहेर लांब केला आणि दंडाला पट्टी बांधली. रक्त नळीत गेलं. एक थेंब कुठं सांडला नाही. ज्या रीतीपायी कितीतरी महिने एक माणूस विझत होता, ती रीत वीतभर हात सरकवून पाळता येत होती.

रक्तात निघायचं तेच निघालं. पांढरी बारीक गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, जन्मभर. "एवढंच. पण एवढं चुकवायचं नाही, मावशी," पल्लवीनं तानुबाईला बजावलं.

तुळजा उदगीरला परत गेली. तानुबाई रोज उठून पहिलं काम तेच करायची. कधी चुकवलं नाही. ज्येष्ठ सरता सरता एका दुपारी रामलिंगानं अंगावरची घोंगडी फेकली.

"उकडायलंय," तो म्हणाला.

त्याच्या कपाळावर घाम होता. तानुबाईनं पदरानं तो पुसला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याची भूक उघडली. मग सूज उतरली. मग जीभ सुटली, आणि सुटलेल्या जिभेचं पहिलं सरळ वाक्य आलं, "भाकर करायलीस का शेण थापायलीस?"

त्या दिवशी ती हसली. माणूस परत आला म्हणून हसली. पण माणूस सबंध परत आला होता. नागपंचमीला डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यानं पितळी तांब्या फेकून मारला. तिच्या भुवईवर खोक पडली.

मांडव उठला. नारळवाले दुसरीकडं गेले. आणि त्या साली श्रावण कोरडा गेला. ढग यायचे, दिसायचे आणि तेलंगणाकडं निघून जायचे. नळावर बायका तानुबाईला ऐकवू लागल्या.

"देव घोंगडीवर हुता तवर बरं हुतं."

"बसलेला देव गोळ्या घालून उठवला. आता वर बघत बसा."

"कपाळाला काय झालं गं तानू? देवानं प्रसाद दिला काय?"

त्या तिच्या पाया पडलेल्याच बायका होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हावगेप्पा आला. रामलिंग बाहेर गेला होता. हावगेप्पानं एक लहान बाटली उंबऱ्यावर ठेवली. आत पांढऱ्या बारीक गोळ्या होत्या.

"वैनी, गोळी बंद करा म्हणत न्हाई मी. मी काय अडाणी न्हाई. गोळी द्या, फकस्त ही द्या. साखरेची हाय."

"आन् त्यांला काय झालं तर?"

"काय व्हायचंय? मागं कितीक म्हैने बसला हुता, काय झालं? चंपाषष्ठीची जत्रा हाय. यंदा भाकणूक देवाच्या तोंडून झाली पायजे म्हणतंय गाव. जत्रेपुरतं, वैनी. जत्रा झाली की तुमची गोळी सुरू." तो उठला आणि तिच्या भुवईकडं बघून म्हणाला, "तुमालाबी तेवढीच इश्रांती."

त्याच्या साऱ्या बडबडीत हे एकच वाक्य खरं होतं. तिनं बाटली उचलली.

खरी बाटली तिनं ज्वारीच्या कणगीत घातली, टाकली नाही. जत्रा झाली की काढायचीच होती. दुसऱ्या दिवसापासून ती साखरेची गोळी देऊ लागली. दिवाळीपर्यंत रामलिंगाच्या शिव्या आखूड झाल्या. मग थांबल्या. त्यानं कोपऱ्यातली घोंगडी अंगावर ओढली. मांडवाचे पत्रे परत आले. नळावर बायकांनी तिची घागर आधी भरू दिली.

कार्तिक संपता संपता एका सकाळी गोळी तोंडात घेऊन तो बराच वेळ थांबला.

"तानू," तो म्हणाला. "गोळी… गोड लागायलीय."

"दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिलीय," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि गोळी गिळली. तिच्या हातचं काही त्यानं नावं न ठेवता गिळलं, ते जन्मात पहिल्यांदा.

चंपाषष्ठीला पहाटेच ढोल सुरू झाले. थंडी अशी होती की ढोलवाल्यांची बोटं वळत नव्हती. भाकणूक करणाऱ्यानं विहिरीच्या पाण्यानं नाहून ओल्या अंगानं बसायचं, असं हावगेप्पानं ठरवलं होतं. घागरीवर घागर रामलिंगाच्या डोक्यावर रिकामी झाली. तो कुडकुडलासुद्धा नाही. अंगात कुडकुडण्याइतकीही ऊब उरली नव्हती. लोक म्हणाले, "बघा."

त्याला घोंगडीवर बसवलं. भंडारा उधळला. हावगेप्पानं माईक त्याच्या ओठांशी धरला. "बोला देवा. पुढल्या साली पाऊसपाणी कसं?"

माईकमध्ये नुसता श्वास आला. एक आला. मग इतक्या वेळानं दुसरा आला की लोकांनी मधे आपले श्वास रोखले. मग रामलिंगाची मान छातीवर कलली.

"समाधी," हावगेप्पा हळू आवाजात म्हणाला. "समाधी लागली."

ढोल दुप्पट झाले. तानुबाईनं पुढं होऊन त्याच्या गालाला हात लावला. त्याचा गारवा तिला सवयीचा होता. हा तो नव्हता.

"गाडी बोलवा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. "भावजी, गाडी बोलवा."

"वैनी, समाधीला हात लावू नगा."

ती धावत घरी गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घालून बाटली काढली, गोळी पाण्यात चुरली आणि परत धावत आली. गर्दीनं तिला वाट करून दिली, कारण ती देवाची बायको होती. तिनं वाटी त्याच्या ओठांना लावली. गिळायला आत कुणी शुद्धीवर नव्हतं. पाणी भंडाऱ्याबरोबर पिवळं होऊन हनुवटीवरून ओघळलं आणि घोंगडीवर सांडलं.

जत्रेतल्या एका मुलीनं फोन लावला तेव्हा कुठं तुळजाला कळलं. ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत पल्लवीला आणि अॅम्ब्युलन्सला घेऊन आली. ढोल तोवर थांबले नव्हते. पल्लवीनं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि ढोलवाल्याच्या हातातली टिपरी काढून घेतली.

"कुणापुढं वाजवताय?" ती म्हणाली. "रात्रीच गेलाय हा."

हावगेप्पा माईक तिथंच टाकून निघून गेला. तो पुन्हा गावात दिसला नाही. औरादच्या बाजारात दंतमंजन विकताना लोकांनी त्याला बघितलंय. खप बरा आहे म्हणतात.

घरात तुळजाला दोन बाटल्या सापडल्या. तिनं एकीतली गोळी जिभेवर ठेवली. मग त्यातलीच एक आईच्या तळहातावर ठेवली.

"खा."

तानुबाईनं खाल्ली.

"कशी लागायलीय?"

"गोड," तानुबाई म्हणाली.

  त्यानंतर तुळजाचं माहेरी येणं थांबलं.

तिसऱ्या दिवशी माणसं समाधीचा दगड कुठं बसवायचा यावर बोलत बसली होती. तिथं पल्लवी आली. तिनं भाषण केलं नाही. उभ्याउभ्या म्हणाली, "ज्याच्या तोंडाला, गळ्याला शेक बसलाय, त्याच्या अंगातली चूल कधीही विझू शकते. शेकानंतर सहा महिन्यांनी, नाहीतर सात वर्षांनी. विझताना दुखत नाही. म्हणून दुखायची वाट बघायची नाही, बोटांवर सहा महिने मोजत जन्मभर रक्त तपासायचं. देव मानायचा असेल त्यानं मानावा. पण अंग गार पडलं तर आधी दवाखाना. देव असेल तर तो थांबेल. आजार थांबत नाही."

 मग म्हातारा सिद्धप्पा काठी टेकत उठला आणि त्यानं बाही वर केली.

"माझं रक्त काढ, बाई. गेल्या थंडीपासनं मलाबी लई गार वाजायलंय. मी कुणाला बोललो न्हाई." त्यानं बसलेल्या माणसांकडं बघितलं. "बोललो असतो तर ह्यांनी मलाबी घोंगडीवर बसवलं असतं."

सिद्धप्पा आजही रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतो, शेळ्या राखतो आणि घामानं भिजून घरी येतो. समाधीचा दगडही शेवटी बसलाच. त्याच्यापुढं नारळ फुटतात. दगड गार असतो, त्याला घाम येत नाही, आणि तो शिव्याही देत नाही. वाचणाऱ्यानं तिथं हात जोडण्याआधी आपल्या घरात कुणाच्या गळ्याला शेक बसलाय का, एवढं आठवून बघावं आणि त्याला हाताला धरून तपासायला न्यावं. यासाठी किती अक्कल लागते? वीतभर हात घोंगडीबाहेर काढण्याइतकी.

तानुबाई आता त्या दगडाला रोज सकाळी पाणी घालते. दोन बाटल्यांचं तिनं गावात कुणाला सांगितलं नाही, आणि गावानं विचारलं नाही.

रामलिंग समाधीत गेला नाही, देव झाला नाही. तुळजाच्या लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, चंपाषष्ठीच्या रात्री, ढोल वाजत असताना तो मेला.